वाचकांचे प्रश्न : ट्रान्झिस्टर अँपवर जॅझचा स्वर

प्रश्न : हंबकर पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या दुहेरी कॉइलची) गिटार आणि ४० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप आहे. जॅझ वाजवताना आवाज पातळ आणि टोचरा येतो. व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांचा) अँप घ्यावाच लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. जॅझ गिटारवादक जो पास यांनीही पॉलिटोन कंपनीचे ट्रान्झिस्टर अँप वापरले होते.

आधी तारा बदला. ०.०१० इंचाचा संच (हे माप सर्वांत बारीक तारेचं) राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीचा, असेल तर काढून ०.०१२ चा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीच्या गुंडाळीचा, लावा, तिसरी तारही गुंडाळीचीच हवी. अर्धं काम इथेच होतं. ताण वाढल्याने गिटारची मान वाकू शकते, म्हणून ट्रस रॉड (मानेतली वाक सुधारणारी सळई) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे स्वर बरोबर लागतो का) पुन्हा तपासा. पिकअप मानेकडचा, गिटारचा टोन ४-५ वर, व्हॉल्यूम ७ वर.

अँपचा ब्राइट स्विच बंद करा. ट्रेबल ३, मिड ६ ते ७, बास ४ इथून सुरुवात करा. 'उबदार' आवाजासाठी बास वाढवणं ही नेहमीची चूक. मानेकडच्या पिकअपला बास मुळातच भरपूर असतो. आणखी दिलात की जाड तारा घुमतात आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत कालवले जातात.

गेन (अँपमध्ये आत येणाऱ्या आवाजाची वाढ) कमी, मास्टर (एकूण आवाज) जास्त. क्षमतेपलीकडे गेला की ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचा माथा एकदम सपाट छाटतो, कानाला टोचतं ते बहुधा तेच. सहाही तारांवर जोरात कॉर्ड वाजवा; आवाज फाटला तर गेन आणखी उतरवा.

पिक दीड मिलिमीटर किंवा जाड. रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) चिमूटभर.