‘बरोक’ : मोती की तर्कशास्त्र?

प्रश्न असा : ‘बरोक’ (सतराव्या शतकात बहरलेल्या युरोपीय कला-वास्तुशैलीचं नाव) म्हणजे वेडावाकडा मोती, असं सांगतात ते खरं का? आणि जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चला बरोक म्हणावं का?

मोती खरा. पोर्तुगीजमध्ये ‘बार्रोको’ म्हणजे बेढब मोती, आणि याचा एक जुना दाखला थेट गोव्यातलाच आहे. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. गोल नसलेल्या, पाणी मेलेल्या मोत्यांना त्यांनी त्यात हाच शब्द वापरलाय. (मोत्याचं ‘पाणी’ त्यांच्याकडेही पाणीच!) फ्रेंच अकादमीच्या १६९४च्या कोशात तर हा शब्द फक्त मोत्यांपुरता आहे, ‘विचित्र’ हा अर्थ १७४०च्या आवृत्तीत आला.

भांडण इथून पुढे. रूसोने १७६८च्या संगीतकोशात वेगळंच मूळ सुचवलं : ‘बारोको’. मध्ययुगात तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनुमानाचे प्रकार पाठ करता यावेत म्हणून रचलेल्या निरर्थक शब्दांपैकी हा एक. सगळे कावळे काळे. काही पक्षी काळे नाहीत. म्हणून काही पक्षी कावळे नाहीत. झालं बारोको! असल्या घटपटाच्या खटपटीला कंटाळलेल्या लोकांनी तो टिंगलीसाठी वापरला. विसाव्या शतकात इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे यांनीही हीच बाजू उचलून धरली. मला फ्रेंच शब्दापुरता मोतीच पटतो, कारण कोशातली पायरी न् पायरी दिसते. इटालियनमध्ये मात्र दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत.

मूळ कुठलंही धरा, शब्द शिवीचाच. रोममधल्या सान कार्लो चर्चची दर्शनी भिंत लाटेसारखी आतबाहेर वळवणारा वास्तुकार बोरोमिनी १६६७ साली वारला. आपण ‘बरोक’ बांधतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. १७८८ मध्ये फ्रेंच लेखक कात्रमेर द केन्सी याने वास्तुकोशात ‘बरोक म्हणजे विचित्रपणाची एक छटा’ असं लिहून बोरोमिनीला उदाहरण म्हणून उभं केलं. कला-इतिहासकार बुर्कहार्टला १८५५ मध्येही बरोक वास्तुकला म्हणजे आधीच्या रेनेसाँसचीच (प्रबोधनकाळाचीच) भाषा, पण रानटी बोलीत उतरलेली, अशी वाटली. १८८८ मध्ये त्याच क्षेत्रातल्या व्योल्फ्लिनने तिला स्वतःचे नियम असलेली शैली मानून अभ्यासलं, तेव्हा कुठे शिवीचं बिरुद होऊ लागलं.

आता बॉम जीझस. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. त्या जांभ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर मजल्यामागून मजला खांब आणि खिडक्या शिस्तीत मांडलेल्या आहेत. बोरोमिनीची लाट तिथे नाही. तिला सरसकट बरोक म्हणणं मला घाईचं वाटतं, ‘मॅनरिस्ट’ (रेनेसाँस आणि बरोक यांच्या मधली शैली) जास्त जवळचं. पण आत जा. सेंट झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चबुतरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवला, तस्कनीचा राज्यकर्ता कोसिमो तिसरा याने पाठवला आणि १६९८ मध्ये इथे बसवला गेला. तो मात्र निःशंक बरोक.