जुन्या गाडीचं कूलंट: रंग सोडा, रेडिएटर कशाचा आहे ते बघा

तुमची गाडी पंचवीस-तीस वर्षांची आहे, नुकतीच हातात आलीय, आधीच्या मालकाने आत काय ओतलंय त्याचा पत्ता नाही आणि टाकीतलं पाणी हिरवट-तपकिरी दिसतंय. आता हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घ्यायचं, लाल घ्यायचं, की 'सर्व गाड्यांसाठी' असं छापलेला कॅन उचलायचा, असं तुम्ही विचारलंय.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर सिलिकेट असलेलं जुन्या पद्धतीचं कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. ॲल्युमिनियमचा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये कूलंटचा जो मानक क्रमांक दिलाय, तो कॅनवरच्या क्रमांकाशी जुळवा. आणि काहीही घेतलंत तरी आत आहे ते पूर्ण काढून, धुऊन मगच भरा. टाकीत थोडं कमी दिसतंय म्हणून वरून भर घालायचा मोह होईल, तो आवरा.

रंगाचं आधी संपवू. कूलंट मुळात रंगहीन असतं. रंग कंपनी वरून मिसळते, गळती चटकन दिसावी आणि कुणी चुकून पाणी समजू नये म्हणून. कोणत्या रंगाचा अर्थ काय, याचं कुठलंही जागतिक मानक नाही. एके काळी 'हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं' हा ठोकताळा बराचसा चालायचा. १९९५-९६ च्या सुमारास जनरल मोटर्सने नारिंगी 'डेक्स-कूल' आणलं, होंडाचं निळं, टोयोटाचं आधी लाल आणि नंतर गुलाबी, फोक्सवॅगनचं जी ११ निळसर हिरवं तर जी १२ लाल, असं होत होत सगळा गोंधळ झाला. टोयोटाचं लाल आणि फोक्सवॅगनचं लाल शेजारी ठेवली तर सारखीच दिसतील, पण टोयोटाच्या लालमध्ये फॉस्फेट असतं आणि फोक्सवॅगनच्या लालमध्ये ते नसतं. आज जुन्या पद्धतीच्या कूलंटसारखंच हिरवंगार, पण आतून पूर्ण वेगळं असलेलं कूलंटही मिळतं. त्यामुळे 'हिरव्यात हिरवं' हा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा.

फरक असतो तो गंजरोधक रसायनांत. पाया बहुतेक सगळ्यांचा एकच, इथिलीन ग्लायकॉल. काहींत प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते कमी विषारी. गोठणं लांबवायचं आणि उकळणं लांबवायचं हे काम ग्लायकॉलचं. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत तग धरतं आणि उघड्या भांड्यात १०७-१०८ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की हा आकडा आणखी वर जातो. पण नुसतं ग्लायकॉल आणि पाणी भरून गाडी चालवली तर ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल होतं आणि ते आतला धातू खायला लागतं. ते थांबवणारी रसायनं कॅनमध्ये जेमतेम काही टक्के असतात, पण निवड करायची ती त्यांचीच.

जुन्या पद्धतीत, म्हणजे ज्याला आयएटी म्हणतात त्यात, सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अजैविक क्षारं असतात. सिलिकेट आतल्या प्रत्येक धातूवर, भिंतीला चुन्याचा हात द्यावा तसा, एक पातळ थर देतं, आणि तेही फार लवकर. तोटा हा की ते लवकर संपतं. दोन वर्षांनी कूलंट दिसायला स्वच्छ असलं तरी त्याची राखण करण्याची ताकद गेलेली असते.

नंतर आलं ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर चालणारं. ते सगळीकडे थर देत बसत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतं. म्हणून ते पाच वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतं. ॲल्युमिनियमचं इंजिन, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, पक्की बंद यंत्रणा असलेल्या गाडीत हे उत्तम काम करतं. दोन्हींचा मेळ घातलेली हायब्रिड कूलंटंही आहेत. युरोपी कंपन्यांची हायब्रिडं बहुधा सिलिकेट ठेवतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचं जुळलं की क्षारांची पुटं जमतात. जपानी कंपन्यांनी नेमकं उलट केलं. वॉटर पंपाच्या सीलला सिलिकेट त्रास देतं म्हणून ते वगळलं आणि फॉस्फेट ठेवलं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून तर गाडी कुणाची हे बघावं लागतं.

आता जुन्या गाडीचं. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि शिसं-कथलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेले असत. सोल्डर हा या सगळ्या धातूंमधला सगळ्यात नाजूक. सिलिकेट त्याला सांभाळून घेतं. अनेक ओएटी कूलंटंना त्याचं रक्षण नीट जमत नाही. शिवाय फार जुन्या गाड्यांत वेगळी एक्स्पान्शन टाकी नसते, जादा पाणी नळीवाटे सरळ रस्त्यावर सांडतं आणि आत कायम थोडी हवा राहते. बिडाचा ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा), हवा आणि ओएटी हे त्रिकूट जमलं की तांबूस गाळ होतो. म्हणून अशा गाडीला 'पाच वर्षं बघायला नको' या लालचेने ओएटी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांनी बदलायच्या निमित्ताने होज पाइप, क्लिपा, झाकणाचं रबर हेही नजरेखालून जातं, आणि जुन्या गाडीत गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

रेडिएटर कशाचा हे ओळखायला वरची आणि खालची टाकी बघा. टाकी धातूची, काळा रंग दिलेली आणि कडेने डाग दिलेला दिसत असेल तर तो तांब्या-पितळेचा. कोपऱ्यात रंग थोडा खरवडून पाहा, खाली पिवळं दिसेल. टाकी काळ्या प्लॅस्टिकची आणि धातूच्या पट्टीने दाबून बसवलेली असेल तर आतली जाळी बहुधा ॲल्युमिनियमची. बहुधा म्हणतोय, कारण प्लॅस्टिकच्या टाकीला पितळी जाळी असलेले रेडिएटरही बनले आहेत. लोहचुंबक घेऊन जाऊ नका, दोन्हींपैकी कशालाच तो चिकटत नाही. आणि एक गोष्ट हमखास नजरेआड होते: रेडिएटर मध्ये कधीतरी बदलून ॲल्युमिनियमचा बसवलेला असतो, पण डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर मूळचाच, तांब्या-पितळेचा असतो. तसं असेल तर कूलंट त्या जुन्याच्या सोयीने निवडा.

नव्वदच्या दशकातली, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असलेली गाडी असेल तर प्रश्न सोपा होतो. मॅन्युअल उघडा. युरोपी गाडीला बहुधा सिलिकेटवालं हायब्रिड लागेल, जपानी गाडीला फॉस्फेटवालं आणि सिलिकेट नसलेलं. कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचा. गाडीच्या कंपनीची मान्यता मिळाली आहे, असं लिहिणं वेगळं आणि अमुक गाडीसाठी योग्य, असं लिहिणं वेगळं. दुसरं वाक्य कूलंट बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. ज्यावर नुसता रंग आणि गाडीचं चित्र आहे, कोणताही मानक क्रमांक नाही, तो कॅन परत ठेवून द्या. निदान एएसटीएम डी ३३०६ (अमेरिकी मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) असं काहीतरी दिसायला हवं.

'सर्व गाड्यांसाठी' वाल्याचं काय? बहुतेकदा ते ओएटीच असतं. ॲल्युमिनियमच्या गाडीत पूर्ण धुऊन भरलंत तर चालून जाईल. कॅनवर दिलेलं आयुष्य मात्र जुन्यात भर घातल्यावर मिळत नाही, कारण मिश्रणाचं आयुष्य त्यातल्या सगळ्यात कमी टिकणाऱ्याइतकंच असतं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला मी ते घालणार नाही.

मिसळलं तर काय होतं? दर वेळी काहीतरी भयंकर होतंच असं नाही. कधी नुसतं गंजरोधक लवकर संपतं आणि कळतही नाही. पण काही जोड्या खरंच वाईट आहेत. फोक्सवॅगनचं जी ११ आणि जी १२ एकत्र आलं की तपकिरी गाळ होतो, हे इतकं सर्वज्ञात झालं की पुढे दोन्हींशी जमणारं जांभळं जी १२ प्लस त्यांना काढावं लागलं. तुमच्या टाकीतला तपकिरीपणा गंजाचा आहे की अशा मिश्रणाचा, हे बघून सांगता येणार नाही. दोन्हींवर उपाय एकच.

धुताना गाडी पूर्ण थंड असू द्या. गरम असताना झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं, यात कसलीही अतिशयोक्ती नाही. खालचा कॉक किंवा खालचा होज सोडून निचरा करा, साधं स्वच्छ पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवा. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो, वरचा होज अचानक गरम लागला की समजायचं. थंड होऊ द्या, निचरा करा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. जहाल आम्लाची फ्लश पावडर मी जुन्या गाडीत टाळतो. कित्येक बारीक भोकं आत साचलेल्या क्षारांनीच बुजलेली असतात, आणि क्षार गेले की रेडिएटर चार ठिकाणी पाझरायला लागतो. मग दोष बिचाऱ्या नवीन कूलंटला.

पुढची गोष्ट बरेच मेकॅनिकही विसरतात. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी राहतंच. समजा यंत्रणा ६ लिटरची आहे आणि आत २ लिटर साधं पाणी राहिलंय. तुम्ही निम्मं-निम्मं तयार मिळणारं ४ लिटर कूलंट ओतलंत तर त्यात ग्लायकॉल २ लिटर, म्हणजे ६ लिटरमध्ये ३३ टक्केच झालं. म्हणून धुतल्यानंतर न मिसळलेलं, घट्ट कूलंट घ्या. मॅन्युअलमधल्या एकूण मापाच्या निम्मं, इथे ३ लिटर, आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आणि क्लोराइड धातूवर उलटतात. मिठावर चालणाऱ्या मशीनने मऊ केलेलं पाणीही नको, त्यात सोडियम येतं.

निम्मं-निम्मं हे प्रमाण जवळपास सगळीकडे चालतं. जिथे पाणी कधी गोठतच नाही तिथे ३३ टक्क्यांपर्यंत खाली आलात तरी चालेल, उलट पाणी जास्त असल्याने उष्णता चांगली वाहून नेली जाते. त्याखाली गेलात तर गंजरोधकच कमी पडतं. आणि 'जास्त घातलं की जास्त चांगलं' म्हणून नुसतं घट्ट कूलंट भरू नका. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

भरून झालं की हवा काढणं आलं. ब्लीड स्क्रू असेल तर तिथून, नसेल तर गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन थंडपणापासून गरम होऊ द्या, बुडबुडे थांबेपर्यंत. झाकण बदलायचं झालं तर मूळच्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं झाकण जुन्या सोल्डरवर आणि होजवर नको तो ताण टाकतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. झाकणाच्या डब्यात साठवा आणि घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या.

महिन्याभराने टाकीत डोकावून पाहा. नवीन कूलंट पुन्हा तांबूस झालं असेल तर ब्लॉकमधला गंज अजून सुटतोय, आणखी एकदा धुवावं लागेल. वर तेलाचा तवंग किंवा दुधी फेस दिसला, किंवा बाहेर कुठेही गळत नसताना पातळी खाली जात राहिली, तर कूलंट बदलत बसू नका, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासून घ्या.