पत्रक तुमचं, पैसा तुमचा, तरी उमेदवाराची परवानगी लागते

विचारलंय ते थोडक्यात असं: बेळगावजवळच्या येळ्ळूरकडच्या काही मित्रांना विधानसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारासाठी स्वतःच्या खिशातून पत्रकं छापून वाटायची आहेत. चालेल का? आणि मोठ्या पक्षांचे फलक शहरभर झळकत असताना खर्चाचे नियम आपल्यालाच का आडवे येतात?

चालेल, पण छापायच्या आधी उमेदवाराची लेखी परवानगी घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 176, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 171-एच, स्पष्ट आहे. एखाद्याला निवडून आणण्यासाठी त्याच्या लेखी संमतीशिवाय सभा, जाहिरात किंवा पत्रकावर खर्च केला तर 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सूट आहे फक्त 10 रुपयांपर्यंतच्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची मंजुरी आणली तर. हा 10 रुपयांचा आकडा 1920 सालचा आहे. कायद्याचं नाव बदललं, दंड वाढला, आकडा मात्र तसाच राहिला. त्यामुळे आज सामान्य मतदाराला आपल्या पसंतीच्या माणसासाठी स्वतःच्या पैशाने छापील चार शब्दही विनापरवाना बोलता येत नाहीत. मला ही गोष्ट फार खुपते.

छापखान्याचं वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127-अ कलमाप्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने सही केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात आणि मुद्रक त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो. झेरॉक्स मारली तरी ती छपाईच धरतात. सूट फक्त हाताने लिहून काढलेल्या प्रतींना. नुसती सभेची तारीख, वेळ, ठिकाण सांगणारं हस्तपत्रक या कलमात येत नाही, पण त्याचा खर्च हिशेबात येतोच. कोल्हापूरला स्वस्त पडतं म्हणून तिकडे छापणार असाल तर सीमेवरचा कोगनोळी तपासणी नाका लक्षात ठेवा. गाडीत प्रचाराचं साहित्य आणि सोबत 50 हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते.

आता तुमचा खरा प्रश्न. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख आहे, लोकसभेला 95 लाख. तुमच्या पत्रकांचा खर्च त्या 40 लाखांत धरला जातो. पक्षाला मात्र मर्यादाच नाही! नेत्याचा चेहरा आणि चिन्ह लावून, उमेदवाराचं नाव न घेता पक्षाने कितीही फलक लावले तरी तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरतो. मान्यताप्राप्त पक्षाला 40 स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या डोक्यावर बसत नाही. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात. त्यांना चिन्ह ऐनवेळी मिळतं आणि स्टार प्रचारकांची यादी नसतेच. मुंबईहून कुणी नेता त्यांच्यासाठी आला तर त्याची गाडी, मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, सगळं त्यांच्याच हिशेबात. खर्चावर नजर ठेवणाऱ्या सरकारी व्हिडिओ पथकाचा माणूस सभेत भाषणापेक्षा खुर्च्यांच्या रांगांवरून कॅमेरा जास्त फिरवतो, कारण संध्याकाळी प्रशासनाच्या दरपत्रकाप्रमाणे एकेका खुर्चीची रक्कम लावायची असते.

हे आपोआप झालेलं नाही. 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच मर्यादेत मोजा. सरकारने लगेच वटहुकूम काढून आणि कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 च्या दुरुस्तीने ती पळवाट बरीच बुजवली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा काही आली नाही. पक्षांना गुपचूप देणगी द्यायचे निवडणूक रोखे होते तेव्हा तेही नोंदणीकृत पक्षांनाच मिळायचे, अपक्षांना नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले. पैसा कुठून येतो हे कळणं हा मतदाराचा हक्क आहे, आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम 19 मध्येच येतो, असं त्या निकालात म्हटलं आहे.

बेळगावचा या विषयाशी आणखी एक जुना संबंध आहे. 1996 च्या लोकसभेला आपल्या मतदारसंघात 456 उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे, म्हणजे बेळगावसह मराठी भाग महाराष्ट्रात घेण्याच्या मागणीकडे, दिल्लीचं लक्ष जावं म्हणून लोकांनी मुद्दाम अर्ज भरले होते. अनामत तेव्हा 500 रुपये होती, म्हणजे सगळ्यांची मिळून 2 लाख 28 हजार. त्याच वर्षी कायदा बदलून ती 10 हजार केली, अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारे मतदार, सक्तीचे केले, आणि 2009 च्या दुरुस्तीने अनामत 25 हजारांवर गेली. आज तेवढेच अर्ज भरायचे तर 1 कोटी 14 लाख लागतील. इतक्या उमेदवारांमुळे मतदानयंत्रणेवर ताण येतो हे मान्य, पण सनदशीर मार्गाने गाऱ्हाणं मांडायची एक वाट त्यामुळे महाग झाली हेही तितकंच खरं.

म्हणून मर्यादाच काढून टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली, बकली खटल्यात, प्रचारखर्चावरची मर्यादा ही बोलण्यावरची मर्यादा ठरवून रद्द केली. 2010 मध्ये कंपन्यांनाही स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. तसं इथे झालं तर खानापूर किंवा बेळगाव ग्रामीणमध्ये लोकवर्गणीवर लढणारा माणूस पहिल्या आठवड्यातच कुणाला दिसेनासा होईल. मर्यादा हवीच, पण ती पक्षांनाही लावा, आणि मतदाराची 10 रुपयांची सूट निदान काही हजारांवर न्या. आमदार-खासदारांना निवेदन द्यायचंच असेल तर या दोन मागण्यांचं द्या.

तुमच्या कामाचं शेवटचं. पत्रकांची पावती उमेदवाराच्या खर्च प्रतिनिधीकडे त्याच दिवशी पोचवा. उमेदवाराच्या खर्चाच्या नोंदवहीत रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोकडीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. प्रचारकाळात निवडणूक आयोगाचे खर्च निरीक्षक ती तीनदा तपासतात. गावाने दिलेली वर्गणी आधी निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्यात भरायची, मग खर्च करायची. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत 10 हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. आणि उमेदवार पडला तरी निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दाखल झाला का, हे तुम्हीच जाऊन विचारा. पडलेल्या अपक्षाकडे तोवर कुणी फिरकत नाही, आणि हिशेब राहिला तर आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.