एम्युलेटरवर लॉगिन होते, फोनवर होत नाही: जोडणी नेमकी कुठे तुटते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टमधून मोबाइल ॲप बनवण्याची चौकट) आहे, मागे जँगोचा (पायथॉनमधील वेब चौकट) सर्व्हर आहे आणि दोन्ही विंडोजच्या लॅपटॉपवर चालतात. अँड्रॉइड एम्युलेटरवर (लॅपटॉपमध्येच चालणारा नकली फोन) १०.०.२.२:८००० हा पत्ता देऊन लॉगिन व्यवस्थित होते. केबलने जोडलेल्या खऱ्या फोनवर मात्र ॲप उघडते, पडदे दिसतात, पण लॉगिनचे बटण दाबताच ‘नेटवर्क रिक्वेस्ट फेल्ड’ एवढाच संदेश येतो. लोकलहोस्ट घालून पाहिले, लॅपटॉपचा आयपी (जाळ्यातील पत्ता) घालून पाहिला, तरी फरक पडला नाही.

‘ॲप उघडते, म्हणजे फोन लॅपटॉपशी बोलतोच आहे’ असे आपण लिहिले आहे. ते खरे असले तरी आपल्या कामाचे नाही, कारण येथे दोन वेगवेगळ्या जोडण्या आहेत. ॲपचा जावास्क्रिप्ट कोड मेट्रो हा रिॲक्ट नेटिव्हचा मदतनीस सर्व्हर ८०८१ या पोर्टवरून (यंत्राच्या क्रमांकित दारावरून) पुरवतो, तर लॉगिनची विनंती जँगोकडे ८००० वर जाते. रन-अँड्रॉइड ही आज्ञा केबलने जोडलेल्या फोनसाठी ८०८१ चे ‘एडीबी रिव्हर्स’ स्वतःच करून टाकते, म्हणजे अँड्रॉइडच्या एडीबी या साधनाने फोनवरचा तो पोर्ट केबलमधून लॅपटॉपच्या पोर्टला जोडते, त्यामुळे मेट्रोची वाट आपल्या नकळत मोकळी होते. ८००० साठी तसे कोणी केलेले नाही.

एम्युलेटरवर सगळे का चालते, हेही यातच आहे. लोकलहोस्ट म्हणजे जो तो शब्द उच्चारतो त्याचे स्वतःचे यंत्र. फोनवरच्या ॲपने लोकलहोस्ट म्हटले की ते फोनमध्येच सर्व्हर शोधते आणि तेथे अर्थातच कोणी नसते. १०.०.२.२ हा एम्युलेटरने राखून ठेवलेला खास पत्ता लॅपटॉपच्या १२७.०.०.१ कडे वळतो, आणि जँगोचा रनसर्व्हर (सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा) काहीही न सांगता सुरू केला तर नेमका १२७.०.०.१:८००० वरच ऐकत बसतो. दोघांची गाठ पडते. खरा फोन वायफायवरून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर येतो, तेव्हा त्या दारावर ऐकणारे कोणीच नसते.

सर्वांत सोपा उपाय केबल असेपर्यंतचा आहे. टर्मिनलमध्ये ‘एडीबी रिव्हर्स टीसीपी:८००० टीसीपी:८०००’ ही आज्ञा द्यावी आणि ॲपमध्ये पत्ता लोकलहोस्ट:८००० ठेवावा. आता फोनवरचा लोकलहोस्ट केबलमधून लॅपटॉपवर उतरेल. वायफाय, फायरवॉल, राउटर यांपैकी कोणाचाही संबंध उरणार नाही. एम्युलेटर आणि फोन एकाच वेळी चालू असतील तर ‘एकाहून अधिक उपकरणे’ अशी तक्रार येते. तेव्हा ‘एडीबी डिव्हायसेस’ने फोनचा क्रमांक पाहून तो ‘-एस’ पुढे द्यावा. केबल काढून पुन्हा लावली की हा बंदोबस्त नाहीसा होतो, म्हणून आज्ञा परत द्यावी लागते. हे विसरून मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ लॉगिनच्या टोकनच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.

वायफायवरूनच जोडायचे असेल तर सर्व्हर ‘रनसर्व्हर ०.०.०.०:८०००’ असा, म्हणजे लॅपटॉपच्या सर्व पत्त्यांवर ऐकणारा, सुरू करावा, आणि त्यानंतर ॲपला हात न लावता फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता पोर्टसह टाकून पाहावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निम्मे निदान तेथेच होते. त्या वेळी एक डोळा जँगोच्या टर्मिनलवर ठेवावा, कारण विनंती पोहोचली तर तेथे तत्क्षणी एक ओळ उमटते.

ब्राउझरने लगेच ‘जोडणी नाकारली’ असे म्हटले, तर फोन कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचला आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. म्हणजे सर्व्हर अजून १२७.०.०.१ वरच आहे किंवा पोर्ट चुकला आहे. पान बराच वेळ नुसते फिरत राहिले आणि शेवटी थकले, तर विनंती वाटेत कोणीतरी गिळते आहे. पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर घ्यावा: वायफायचे जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, किंवा पायथॉनला परवानगी विचारणारी खिडकी आपण कधीतरी घाईत बंद केली असेल. येथे पिंगवर (यंत्र पोहोचते का हे तपासणाऱ्या आज्ञेवर) विसंबू नये. विंडोज पिंगला उत्तर न देता वेबची विनंती स्वीकारू शकते.

आयपी निवडण्यातही फसगत होते. विंडोजची ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा चार-पाच पत्ते दाखवते, त्यांत व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्रांच्या सॉफ्टवेअरचा १९२.१६८.५६.१ हा इतका खरा वाटतो की हटकून तोच उचलला जातो. ज्या वायफाय अडॅप्टरसमोर ‘डिफॉल्ट गेटवे’ भरलेला आहे, त्याचाच पत्ता घ्यावा.

टर्मिनलवर ओळ उमटली पण तीत ४०० (‘विनंती अमान्य’ असा सर्व्हरचा संकेतांक) असेल, तर ती आनंदाचीच बातमी समजावी, कारण वाट मोकळी झाली आहे. जँगोच्या सेटिंग्जमधील ‘अलाउड होस्ट्स’ या मान्य पत्त्यांच्या यादीत लॅपटॉपचा नवा पत्ता घालायचा राहिला आहे, इतकेच. एम्युलेटर चालतो त्या अर्थी १०.०.२.२ आपण तेथे पूर्वीच घातला असणार.

फायरवॉल ठीक असूनही पान फिरतच राहिले तर राउटर पाहावा. एका कार्यालयात पाहुण्यांसाठीच्या वायफायवर मी दोन तास घालवले, तेव्हा कळले की त्या जाळ्यातील उपकरणांना एकमेकांशी बोलण्याचीच मनाई होती. इंटरनेट मात्र सर्वांना झकास मिळत होते. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा आणि बदललेला आयपी पुन्हा पाहून घ्यावा.

ब्राउझरमध्ये पान उघडते आणि ॲपमध्येच अडते, असे झाले तर प्रकरण निराळे आहे. अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला मुळातच बंदी आहे. रिॲक्ट नेटिव्हच्या डीबग बिल्डमध्ये (चाचणीची आवृत्ती) त्याला सूट असते, रिलीज बिल्डमध्ये (वाटण्याची आवृत्ती) नसते. म्हणून मित्राला पाठवलेली रिलीजची एपीके (ॲपची फाइल) अचानक मुकी होते. ही सूट फक्त डीबगच्या मॅनिफेस्टपुरती (ॲपच्या परवानग्या सांगणारी फाइल) ठेवावी. ०.०.०.० वर उघडलेला, डीबग चालू असलेला जँगोही चहाच्या दुकानातील वायफायवर तसाच सोडून उठू नये.

आधी केबल आणि रिव्हर्सचा मार्ग करून पाहावा. तरीही अडल्यास फोनच्या ब्राउझरमध्ये नेमके काय दिसले, किती वेळाने दिसले आणि टर्मिनलवर ओळ उमटली की नाही, एवढे कळवावे.