ॲक्सेसच्या फाइलपायी राखीव पैसा मोडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ जणांचा व्यवसाय, ऑर्डर, स्टॉक, येणी सगळं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये. सहा जण आता घरून काम करणार. व्हीपीएनवरून (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) फाइल उघडून पाहिली, ती दोनदा खराब झाली. सगळं नव्याने वेबवर करून द्यायला पाच महिन्यांच्या एकूण खर्चाइतकं कोटेशन आलंय आणि तुमची गंगाजळी आहे सहा महिन्यांची. ती मोडायची का?

आत्ता नाही. एका महिन्याचीच पुंजी उरली आणि एखाद्या मोठ्या ग्राहकाने पैसे थकवले, तर पगार अडतील. शिवाय नवं सॉफ्टवेअर एकदा पैसे दिले की संपत नाही; देखभालीसाठी किमतीच्या 15 ते 20 टक्के दरवर्षी बाजूला धरावे लागतात. कोटेशनमध्ये ते आहेत का, बघा.

फाइल खराब का झाली ते आधी समजून घ्या, कारण खर्चाचं गणित तिथेच ठरतं. ॲक्सेसचं इंजिन सर्व्हरवर नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. म्हणजे फाइलचे तुकडे घरापर्यंत येतात, बदलतात, परत जातात. लिहिता लिहिता इंटरनेट एक क्षण तुटलं की फाइल अर्धवट राहते. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवूनही सुटका नाही. तिथे दोघांनी बदल केले की एकाच फाइलच्या दोन वेगवेगळ्या प्रती होतात.

म्हणून पहिला खर्च रिमोट डेस्कटॉपचा करा. एक विंडोज सर्व्हर भाड्याने घ्या आणि प्रोग्राम, डेटा दोन्ही तिथेच ठेवा. घरी फक्त पडद्याचं चित्र जातं, तिकडून कीबोर्ड-माउस येतो. लाइन तुटली तरी फाइलला धक्का लागत नाही. सहा जणांसाठी 16 जीबी मेमरी पुरते. डेटाची फाइल वेगळी काढा आणि फॉर्म-रिपोर्टची प्रत प्रत्येकाला स्वतंत्र द्या. ज्यांना फक्त नोंदी करायच्या आहेत त्यांना ॲक्सेस रनटाइम (तयार फाइल फक्त चालवणारी आवृत्ती) चालतो, तो फुकट आहे.

भाड्याच्या आकड्यात लायसन्स धरलंय का, हे लेखी विचारा. रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स माणशी वेगळं लागतं. सुरुवातीचे 120 दिवस त्याशिवायही सगळं सुरळीत चालतं आणि मग एका सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. साध्या विंडोज 11 वर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, त्यामुळे तो स्वस्त मार्ग इथे चालणार नाही. आणि 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) इंटरनेटवर उघडा ठेवू देऊ नका. खंडणीखोर व्हायरस बऱ्याचदा याच दारातून शिरतात. व्हीपीएन किंवा गेटवे (बाहेरून येणाऱ्याला आधी तपासणारा मधला सर्व्हर), त्यावर दुहेरी पडताळणी, हा खर्च कापायचा नाही.

आता हिशेब. प्रत्येकाची रोजची 20 मिनिटं वाट पाहण्यात जात असतील, तर सहा जणांचे दिवसाला दोन तास, 25 दिवसांत 50 तास. त्याला तासाच्या पगाराने गुणा. भाडं आणि लायसन्स मिळून याहून कमी असेल तर पहिल्याच महिन्यापासून फायदा. फाइल दुरुस्तीचे दिवस यात धरलेलेही नाहीत.

वर्षभरात सवडीने टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर (मायक्रोसॉफ्टचाच, सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) न्या. तोही फुकट आहे. ॲक्सेसची फाइल 2 जीबीला अडते, तर 2022 च्या एक्स्प्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबी मिळतात. फॉर्म तेच राहतात, पैसे लागतात ते प्रोग्रामरच्या तासांचे. हे तास वाया जातात ते दोन ठिकाणी. टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारा रकाना) नसेल तर ते फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. आणि एसक्यूएल सर्व्हरवर हो/नाहीचे रकाने रिकामे राहिले की ‘दुसऱ्या कुणीतरी नोंद बदलली आहे’ असा खोटा इशारा येत राहतो. तिथे या रकान्यांचं आपोआप भरणारं मूल्य शून्य ठेवा आणि रिकाम्या जागी शून्य भरून घ्या.

मोबाइलवरून नोंदी हव्या असतील किंवा ग्राहकांना स्वतः ऑर्डरची स्थिती पाहायची असेल, तर मात्र वेबचा विचार करा. तेव्हाही गंगाजळीतली तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम अजिबात हलवू नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता जुन्या-नव्या दोन्हीकडे एक महिनाअखेर चालवून येण्यांची बेरीज जुळल्यावरच.