वाचक विचारतात : सोल्डरिंगचा धूर आणि ती गोल डबी

प्रश्न : रिटायर झाल्यापासून जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद लागलाय, बंद करून घेतलेल्या गॅलरीतच टेबल टाकलंय. हल्ली रोज संध्याकाळी खोकला येतो, नाक गळतं. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही शिसं हुंगताय, बंद करा. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ते) म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली पेस्टची गोल डबी वापरतो. मास्क लावला तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाची काळजी खरी आहे पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी असं झालंय, अर्थात शिसंही काही संन्यासी नाही, त्याच्याकडे नंतर येतो. सोल्डरिंगची ६०/४० ची तार (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते, आयर्नचा बिट, म्हणजे तापणारं टोक, फार तर ३५०-४०० वर असतो आणि शिसं उकळायला १७०० च्या वर अंश लागतात, म्हणजे वाफ होऊन ते नाकात जाण्याइतकं तिथे काही होतच नाही. जो निळसर धूर बरोब्बर आपल्या तोंडावर येतो (कारण आपणच डोकं खाली घालून बसलेलो असतो) तो फ्लक्सचा. तारेच्या पोटात राळ असते, चीडच्या झाडाच्या चिकापासून केलेली, ती जळते. या धुराने दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की मग चिमूटभर धूरही पुरतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी या धुराची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, इतकी कमी, यावरून काय ते समजा.

तर आधी आठवडाभर आयर्न बंद ठेवा. खोकला थांबला आणि काम सुरू केल्यावर परत आला तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि 'राळेचा धूर' असं स्पष्ट सांगा, नुसता खोकला म्हणालात तर सिरप घेऊन घरी याल.

कापडी किंवा सर्जिकल मास्कचा उपयोग जवळपास शून्य. सीलिंग फॅन धूर खोलीभर फिरवतो, टेबलफॅन जॉइंटच गार करतो. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा मोठा पंखा घ्या, कामाच्या पलीकडे वीतभर अंतरावर उभा करा, तोंड असं की धूर तुमच्यापासून दूर ओढला जाईल, आणि मागे पाइप लावून खिडकीबाहेर सोडा. काळा कार्बनचा स्पंज लावतात बरेच जण, पण त्याने वास जातो, बारीक कण जात नाहीत, आणि वास गेला की माणूस निर्धास्त होतो, ते जास्त वाईट.

आता ती डबी. त्यावर झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा लोट उठायचा तोच, आपण पोरं खोकत खोकत तिथेच उभी! पत्र्याला डाख द्यायला ठीक आहे, पण रेडिओत अजिबात नको, काही महिन्यांत तांबं हिरवं पडून सर्किट बोर्डवरचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, तुटतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'इलेक्ट्रॉनिक्सची राळ' मागा, तीही लागेल तेवढीच. धूर तिचाही होतो, पंखा हवाच.

शिसं जातं ते हातातून तोंडात. तार दातात धरायची सवय असेल तर आजच सोडा. चहाचा कप आणि चिवड्याची बशी त्या टेबलावर नको, उठताना साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. घरात नातवंडं असतील तर तार आणि डबी कुलपात.

प्रश्न : बोर्डवरचा चिकट फ्लक्स घरात उरलेल्या सॅनिटायझरने पुसला तर? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, बोर्ड अजून चिकट होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या टूथब्रशने घासा. मात्र ते पेट्रोलसारखं भडकतं, त्यामुळे आधी आयर्नचा प्लग काढा, बिट गार होऊ द्या, मगच बाटलीचं झाकण उघडा, आणि खिडकी उघडी.