वाचकांचे प्रश्न : करार फाइलीत, विद्यार्थी बाहेर

प्रश्न : मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात उद्योग-समन्वयाचे काम पाहतो. आम्ही बऱ्याच कंपन्यांशी सामंजस्य करार केले आहेत, तज्ज्ञांची व्याख्याने होतात, कारखान्यांच्या भेटीही ठरतात. तरीही मुलाखत घेणारे ‘मुलांना प्रत्यक्ष काम येत नाही’ असेच सांगून जातात. आमचे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातील व्याख्यान आणि भेट या दोन्ही प्रसंगी विद्यार्थी प्रेक्षक असतो, आणि कराराच्या वेळी तर तो हजरही नसतो. फाइलीतील करार पुन्हा काढून वाचावेत. कंपनीचा कोणता अभियंता महिन्याला किती तास देणार, विद्यार्थ्यांना कोणते काम मिळणार आणि त्या कामाचे गुण कोण देणार, हे त्यांत लिहिलेले नसेल, तर तो करार समारंभाच्या छायाचित्रापुरताच झाला असे समजावे.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात आपल्याला उत्तराचा धागा सापडेल. तेथे विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक वर्गात असे तेव्हा दुसरा कारखान्यात असे आणि ठरावीक काळाने दोघे जागा बदलत. त्यामुळे कारखान्यातील जागा कधी रिकामी राहत नसे आणि मालकाला विद्यार्थी हा पाहुणा न वाटता आपला माणूस वाटे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने हीच पद्धत अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया म्हणून स्वीकारली. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात १९७४ पासून विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो, संपूर्ण शिक्षणकाळात वेतन घेतो आणि काही महिने वर्गात, काही महिने कंपनीत अशी पाळी चालते. या तिन्ही ठिकाणी कंपनीने विद्यार्थ्यावर पैसा आणि माणसांचा वेळ खर्च केला, म्हणूनच त्याच्या कामाकडे कोणी तरी बारकाईने पाहिले.

हे ‘पाहणे’ म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून कळेल. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शाफ्टचे, म्हणजे यंत्रातील फिरत्या दांड्याचे रेखाचित्र काढतो आणि प्रत्येक मापापुढे ±०.०१ मिलिमीटर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक लिहितो, कारण अचूकता म्हणजे चांगले काम, अशी त्याची समजूत असते. वर्गात त्याला पूर्ण गुण मिळतात. तेच चित्र उत्पादन विभागातील अभियंत्यापुढे गेले, की पहिला प्रश्न येतो, ‘हा सगळा शाफ्ट ग्राइंडिंगला पाठवायचा काय?’ ग्राइंडिंग म्हणजे घासून अगदी अचूक माप आणणे. बेअरिंग जेथे बसते त्या व्यासाला काटेकोर मर्यादा हवीच, परंतु मधला मोकळा भाग बऱ्याचदा साध्या लेथवर केला तरी चालतो. तेथे विनाकारण घट्ट टॉलरन्स दिला, तर यंत्राचा वेळ आणि नापास होणारे नग दोन्ही वाढतात. एवढे समजायला पुस्तक पुरत नाही, चित्र परत करणारा माणूस लागतो. सॉफ्टवेअरमध्येही तसेच आहे : स्वतःचा कोड शून्यापासून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्याचा जुना, टिपणांशिवायचा कोड वाचून त्यातील एक दोष काढायला सांगितले, की तो गोंधळतो, आणि नोकरीतील पहिले काम बहुधा तेच असते.

तेव्हा दहा करारांऐवजी दोनच ठेवावेत, पण त्यांत प्रकल्पाचा विषय कंपनीने द्यावा, दर पंधरवड्याला तिच्या अभियंत्याने काम तपासावे आणि अंतिम गुणांत त्याचा वाटा असावा. महाविद्यालयानेही वेळापत्रकात सलग काही महिने मोकळे करावेत. सुट्टीतले चार आठवडे नवख्याला ओळखपत्र आणि संगणकाची परवानगी मिळेपर्यंतच संपतात. अर्थात कंपनी गोपनीयतेचे कारण पुढे करील, तेव्हा चालू उत्पादनाऐवजी बंद झालेल्या उत्पादनाची माहिती मागावी. ती देण्यास सहसा हरकत नसते.

प्रश्न : कंपन्यांच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यासक्रम बदलत राहिला, तर मूलभूत विषय मागे पडणार नाहीत का?

उत्तर : पडतील, जर आपण कंपनीला ‘कोणते सॉफ्टवेअर शिकवू?’ असे विचारले तर. सॉफ्टवेअर काही वर्षांत बदलते, त्यासाठी दोन आठवड्यांची कार्यशाळा पुरे. त्याऐवजी नव्या अभियंत्यांच्या हातून पहिल्या वर्षात कोणत्या चुका होतात, असे विचारावे. उत्तरात बहुधा मापनाचा अर्थ न समजणे, मोघम अहवाल आणि एककांची गफलत या गोष्टी येतील, आणि त्या दुरुस्त करायच्या तर पदार्थबल व उष्मागतिकी हे विषय काढून टाकायचे नसून प्रयोगशाळेत अधिक कसून शिकवायचे असतात. यासाठी प्राध्यापकांनाही अधूनमधून काही आठवडे कारखान्यात पाठवावे, आणि तो काळ त्यांची रजा म्हणून न धरता अध्यापनाचा भाग म्हणून धरावा.